आधी सोनं, मग कथील: नॅनोवायरसाठी उत्प्रेरक तयार करताना गेलेले साडेसात महिने

शोधनिबंधात या कामाला एकच वाक्य मिळतं: ‘एक नॅनोमीटर कथील चढवलं आणि हायड्रोजन प्लाझ्मा दिला.’ (प्लाझ्मा म्हणजे विजेने अणू-रेणू फोडलेला, चमकणारा वायू.) त्या वाक्यापर्यंत पोचायला मला १२ जून २०२३ पासून २४ जानेवारी २०२४ पर्यंतचा वेळ लागला. यंदा आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत दोन नवी मुलं आली आहेत. त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलेले प्रश्न ऐकले आणि मला माझाच मागचा पावसाळा आठवला. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी काम काय ते सांगते. सपाट, चकचकीत सिलिकॉनवर पडलेल्या प्रकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा परत जातो. त्याच पृष्ठभागावर उभ्या नॅनोवायरचं, म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक तारांचं, रान उगवलं, की प्रकाश आत शिरतो, एका तारेवरून दुसरीवर आदळत राहतो आणि फारसा बाहेर येत नाही. शिवाय प्रत्येक तारेभोवती सिलिकॉनचा पातळ थर गुंडाळून सोलर सेल केला, तर प्रकाश तारेच्या लांबीभर शोषला जातो आणि विद्युतभाराला मात्र आडवं, शंभरेक नॅनोमीटरच जावं लागतं. ही तार उगवायला टोकावर धातूचा द्रव थेंब लागतो, तोच उत्प्रेरक. वायूतलं सिलिकॉन थेंबात विरघळतं, थेंब संपृक्त झाला की जास्तीचं सिलिकॉन तळाशी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि थेंब वर उचलला जातो. वॅग्नर आणि एलिस यांनी १९६४ मध्ये सोन्याचा थेंब वापरून हे दाखवलं. थेंब जेवढा जाड, साधारण तेवढीच तार जाड. थेंब किती दाट बसलेत त्यावर तारांची दाटी ठरते. म्हणजे सेलचं पुढचं सगळं भवितव्य या पहिल्या पायरीवर आहे, आणि नेमकी हीच पायरी लिहिताना सगळे घाईत असतात.

सर म्हणाले, "आधी सोन्याने हात बसव. सगळं साहित्य सोन्यावर आहे, अडलीस तर वाचायला सापडेल." म्हणून २६ जूनला मी क्लोरोऑरिक आम्लाच्या, म्हणजे सोन्याच्या क्षाराच्या, एक ग्रॅमचा इंडेंट (खरेदीची मागणी) भरला. तीन कोटेशनं मागवली. त्यातलं एक तीस दिवसांनी बाद झालं, कारण फाईल तोवर लेखा विभागातच होती. मग तिथून शेरा आला: प्रयोगशाळेला सोनं कशासाठी? मी एक पानभर लिहून दिलं, की हा दागिन्याचा धातू नाही, पिवळट क्षार आहे, पाण्यात विरघळवून वापरतात आणि तो परत वितळवून विकण्याजोगा उरत नाही. सरांची सही, विभागप्रमुखांची सही. बाटली ११ ऑगस्टला हातात आली, किंमत नऊ हजारांच्या थोडी वर. तुम्हाला असं काही मागवायचं असेल तर इंडेंटसोबतच हे स्पष्टीकरण जोडा, माझे तीन आठवडे त्यातच गेले. आणखी एक: हा क्षार हवेतलं पाणी ओढतो. पुण्याच्या ऑगस्टमध्ये बाटली उघडी ठेवून वजन करत बसलात तर काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. आम्ही अख्खा ग्रॅम एकदाच विरघळवून साठ्याचं द्रावण केलं आणि गडद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवलं.

मधल्या काळात हायड्रोफ्लोरिक आम्लाचं प्रशिक्षण झालं. याबद्दल घाबरवायचं नाही, पण हलक्यातही घेऊ देणार नाही. वेफरवरचा, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवरचा, ऑक्साईडचा थर काढायला हे आम्ल लागतंच. ते काच खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची किंवा टेफ्लॉनची. सौम्य द्रावणाचा थेंब त्वचेवर पडला तर लगेच दुखतही नाही, आणि तोवर ते आत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठे ठेवली आहे ते मला प्रशिक्षणात तोंडी सांगितलं होतं. मी प्रत्यक्ष कपाट उघडून नळीवरची मुदत वाचली, तेव्हा ती संपलेली निघाली. नवी नळी येईपर्यंत, म्हणजे नऊ दिवस, मी आम्लाला हात लावला नाही. तुम्हीही लावू नका.

सोन्याचे कण करायची पद्धत १९५१ पासूनची आहे, टर्केविचच्या नावाने ओळखली जाते. क्षाराचं अगदी विरळ द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. फिकट पिवळं पाणी आधी बिनरंगी होतं, मग करडं-काळसर, जांभळं आणि शेवटी कोकमाच्या सरबतासारखं लाल. फ्रेन्सने १९७३ मध्ये सायट्रेटच्या प्रमाणानुसार कणांचे आकार दिले आहेत: पन्नास मिलीलिटर द्रावणाला एक टक्क्याचं सायट्रेट एक मिलीलिटर घातलं की साधारण सोळा नॅनोमीटर, अर्धा मिलीलिटर घातलं की चाळीसच्या आसपास. सायट्रेट कमी केलं की कण मोठे होतात, हे सुरुवातीला मला उलटं वाटायचं.

माझी पहिली दोन द्रावणं निळी झाली आणि तळाशी बसली. कारण भांडी. साबणाने धुतलेला फ्लास्क दिसायला स्वच्छ असतो, पण काचेवर राहिलेल्या अंशाभोवती कण गोळा होतात. अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवून, शुद्ध पाण्याने दहा वेळा विसळून घेतलेल्या फ्लास्कमध्ये तिसऱ्यांदा द्रावण लाल झालं आणि लालच राहिलं. वर्णपटात ५२० नॅनोमीटरला शिखर आलं, म्हणजे कण बारीक आणि सुटे होते. त्या संध्याकाळी मी ती बाटली खिडकीत उजेडासमोर धरून बराच वेळ उभी होते.

खरी अडचण ते कण वेफरवर बसवताना आली. सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो आणि वेफरवरच्या ऑक्साईडलाही पाण्यात ऋणच, त्यामुळे कण चिकटतच नाहीत. मधे पॉलिलायसिन नावाचा धन भाराचा पदार्थ लावावा लागतो. तो लावला. ५ सप्टेंबरला एसईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा, स्लॉट मिळाला, आमच्या संस्थेतल्यांना तेव्हा तासाला पाचशे रुपये होते. पडद्यावर काही ठिकाणी सुटे कण होते, पण बऱ्याच ठिकाणी तीस-चाळीस कणांचे पुंजके. वेफर वाळताना पाण्याची कड आत सरकते आणि कणांना ओढत नेते. नायट्रोजनने एका दिशेने फुंकून वाळवलं तेव्हा पुंजके कमी झाले.

हे मी सरांना दाखवलं ते गणपतीनंतर. त्या बैठकीत त्यांनी जे सांगितलं त्याने माझं काम बदललं. सोन्याने तार छान उगवते, कारण सोनं आणि सिलिकॉन यांचं मिश्रण ३६३ अंशांनाच वितळतं. पण उगवताना सोन्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरतात, आणि तिथे ते प्रकाशाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना वाटेतच अडवून त्यांचा निकाल लावतात. सोलर सेलमध्ये नेमकं हेच नको असतं. "हात बसला ना? आता कथील घे," सर म्हणाले. कथील आवर्त सारणीत सिलिकॉनच्याच गटात बसतं, त्यामुळे त्याचे अणू आत राहिले तरी असा सापळा होत नाही. ते २३२ अंशांना वितळतं, म्हणजे कमी तापमानात, अगदी काचेवरसुद्धा काम करता येतं. चार महिन्यांची मेहनत बाजूला पडली म्हणून मला त्या रात्री रडू आलं, हे लपवत नाही. पण स्वच्छतेची जी शिस्त सोन्याने लावली ती पुढे रोज उपयोगी पडली.

कथलाची वाट वेगळी आहे. द्रावणात कण करायचे नाहीत. निर्वात चेंबरमध्ये धातू तापवून त्याच्या वाफेचा एक-दोन नॅनोमीटर थर वेफरवर बसवायचा, मग तापवून त्याचे थेंब होऊ द्यायचे. इतका पातळ थर सलग नसतोच, तो आधीपासून बेटाबेटांचा असतो. ९९.९९९ टक्के शुद्ध कथलाच्या दाण्यांचा इंडेंट २९ सप्टेंबरला भरला, दाणे ३० ऑक्टोबरला आले. पन्नास ग्रॅम, सात हजारांच्या आत. एका वेळेला एक-दोन दाणे लागतात, त्यामुळे एवढी बाटली पीएचडीभर पुरेल. बाष्पीभवनाचं यंत्र दुसऱ्या विभागात आहे. तिथे बाहेरच्या विभागातल्यांसाठी वेगळा फॉर्म, आणि स्लॉट आठवड्यातून एकच.

दिवाळीआधी भांडी न्यायला आत्याबरोबर कसब्यातल्या तांबट आळीत गेले होते. परतताना एका ठिकाणी कल्हई चालली होती, तिथे मी थांबले. पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवून कापसाने फिरवली आणि आतली बाजू आरशासारखी झाली. मी विचारलं, नवसागर नाही टाकला तर? "मग कथील धरत नाही, पोरी. गोळे होऊन पडतं." धातूवरची ऑक्साईडची साय आधी काढायची, मगच कथील मोकळं होऊन काम करतं. हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहिलं, पण त्याचा पूर्ण अर्थ मला डिसेंबरात कळला.

२१ नोव्हेंबरला पहिला थर चढवला. यंत्र सांभाळणारे काका पंधरा वर्षं तेच काम करतात. दाणे ठेवून तापवायच्या धातूच्या छोट्या होडीसारख्या वाटीला इथे ‘बोट’ म्हणतात. "बोट चिमट्यानेच धर हं, हाताचं तेल लागलं की निर्वात उतरायला दुप्पट वेळ," हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. मोलिब्डेनमच्या बोटीत दाणे ठेवले, चेंबर दहाचा उणे सहावा घात मिलीबारपर्यंत उतरायला साडेतीन तास लागले. थराची जाडी क्वार्ट्झच्या स्फटिकावर मोजतात. मापक एक नॅनोमीटरवर आला तेव्हा झडप बंद केली.

६ डिसेंबरला एसईएममध्ये थेंब दिसले, पण फार मोठे, साठ-सत्तर नॅनोमीटरचे, काही शंभरच्या वर. मी दोन दिवस तापमान, वेळ, वेफर, सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी ८ तारखेला काकांची लॉगबुक चाळताना दिसलं, की माझ्या आधी कुणीतरी सोनं चढवलं होतं आणि मापकात घनता सोन्याचीच राहिली होती. स्फटिक खरं तर वजन मोजतो आणि घनतेने भागून जाडी दाखवतो. सोन्याची घनता १९.३, कथलाची ७.३. मापक एक नॅनोमीटर म्हणत होता तेव्हा वेफरवर प्रत्यक्षात २.६ नॅनोमीटर बसलं होतं. तपासायचं काम माझं होतं. आता मी बोट भरायच्या आधी घनतेचा आकडा मोठ्याने वाचते आणि वहीत लिहिते.

थेंब किती मोठे येतील याचा अंदाज कागदावर आधीच काढता येतो, आणि तो मी आधी काढायला हवा होता. एक नॅनोमीटर थराचे पंधरा नॅनोमीटर त्रिज्येचे अर्धगोल झाले असं धरलं, तर एका थेंबात सात हजार घन नॅनोमीटर धातू लागतो, म्हणजे एका वर्ग मायक्रोमीटरमध्ये साधारण १४० थेंब बसतात. सेलसाठी एवढी दाटी नको असते. प्रत्येक तारेभोवती शंभर नॅनोमीटरचा थर गुंडाळायचा तर तारांमध्ये जागा हवी, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळून पुन्हा सपाट थर होतो. सुदैवाने सगळ्या थेंबांतून तारा उगवत नाहीत, काही एकमेकांत विलीन होतात, काही गाडले जातात. पण हिशेब माहीत असला की पडद्यावर काय पाहायचं ते कळतं.

एसईएमला नमुना देताना आणखी एक गोष्ट आठवणीने सांगा: वर सोन्याचा मुलामा देऊ नका. नमुना नीट दिसावा म्हणून अनेकदा सवयीने तो देतात. त्या मुलाम्याचेही बारीक दाणे असतात आणि आपण ते आपले थेंब समजून मोजत बसतो. वेफर पुरेसा वाहक असतो, मुलाम्याची गरज नाही.

दुसरा थर १४ डिसेंबरला चढवला, जाडी या वेळी बरोबर. पण प्लाझ्माचा स्लॉट मंगळवारी १९ तारखेला होता. पाच दिवस नमुने झाकणाच्या डबीत ठेवले. १९ ला ठरल्याप्रमाणे दोन मिनिटं हायड्रोजन प्लाझ्मा दिला, मग सिलेन, म्हणजे सिलिकॉन देणारा वायू, सोडला, आणि तारांऐवजी ओबडधोबड करडा थर आला. इथे कल्हईवाल्यांचं वाक्य आठवलं. एवढ्या पातळ थरातलं कथील हवेत राहिलं की त्यावर ऑक्साईडची साय धरते. साय असलेला थेंब ना नीट गोळा होतो ना सिलिकॉन आत घेतो. हायड्रोजन प्लाझ्माचं काम नवसागराचंच: सुटे हायड्रोजन अणू ऑक्साईडमधला ऑक्सिजन ओढून नेतात आणि चकचकीत द्रव कथील उरतं. पाच दिवसांच्या सायीला दोन मिनिटं पुरली नव्हती.

नाताळच्या आठवड्यात यंत्राला गर्दी नव्हती, त्यात मी फक्त प्लाझ्माच्या वेळा पाहिल्या, २५० अंशांवर. दोन मिनिटं कमी पडली. पंधरा मिनिटांनी थेंब स्वच्छ झाले, पण लहान थेंब मोठ्यांत विलीन होऊन दाटी घटली आणि आकार विस्कटले. पाच मिनिटांवर, ताज्या थरासाठी, सगळ्यात सारखे थेंब आले: बहुतेक पंचवीस ते चाळीस नॅनोमीटर रुंद. तुमच्या चेंबरमध्ये हा आकडा वेगळा असेल, पण कमी-बरोबर-जास्त अशा तीन वेळा एकाच दिवसाच्या थरावर नक्की करून पाहा. काचेवर काम करणाऱ्यांसाठी: काचेवरचा वाहक थर कथलाच्या ऑक्साईडचा असेल, तर हायड्रोजन प्लाझ्मा त्यातूनच कथलाचे थेंब काढतो, वेगळं कथील चढवायची गरजही पडत नाही. तसं नको असेल तर झिंक ऑक्साईडची काच घ्या, ती प्लाझ्मा सहन करते.

१७ जानेवारीला, बुधवारी, आम्ही थर आणि प्लाझ्मा एकाच दिवशी बसवले. त्यासाठी दोन विभागप्रमुखांना ईमेल, दोघांच्या सह्या, आणि काकांना अर्धा तास लवकर येण्याची विनंती. सिलेन हवेत आला की आपोआप पेटतो, त्यामुळे आमच्याकडे एकट्याने तो सोडायची परवानगी नाही. वरिष्ठ ताई सोबत होती. ४२० अंश, १३.५६ मेगाहर्ट्झचा प्लाझ्मा, हायड्रोजनमध्ये थोडा सिलेन, वीस मिनिटं. सोनं सिलेनचे तुकडे व्हायला स्वतः मदत करतं; कथलाला ते फारसं जमत नाही, म्हणून प्लाझ्मा लागतो. पण सिलेन जास्त झाला की भोवती अस्फटिक सिलिकॉन साचून थेंब गाडले जातात, म्हणून हायड्रोजन भरपूर ठेवला.

दार उघडलं तेव्हा वेफरचा मधला भाग काळपट, मखमलीसारखा दिसत होता. ताई म्हणाली, "प्रकाश परत येत नाहीये बघ." मी हो म्हणाले, पण एसईएमशिवाय काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. २४ ला पडद्यावर तारा दिसल्या, दीडेक मायक्रोमीटर लांब, बऱ्याच वाकड्या, आणि बहुतेकींच्या टोकावर कथलाचा छोटा गोल. फेब्रुवारीत दोनदा पुन्हा केलं, दोन्ही वेळा उगवल्या.

हल्ली त्या दिवसाचं वेळापत्रक असं असतं. साडेआठला दोन टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लात एक मिनिट. पाणी वेफरवरून घरंगळून गेलं की ऑक्साईड निघाला असं समजायचं. नऊच्या आत वेफर चेंबरमध्ये, कारण ऑक्साईड पुन्हा धरायला लागतो. साडेबाराला थर, कथलाची घनता वाचून. जेवण नंतर. एक वाजता नमुना बंद डबीत नायट्रोजन भरून दुसऱ्या इमारतीत, दोनच्या आत प्लाझ्माच्या चेंबरमध्ये. सिलेनची नळी साडेचारपर्यंत बंद करून, नायट्रोजनने पाच वेळा धुवून, ताईची सही घ्यायची. सहाला काका बाष्पीभवनाची खोली बंद करतात, तेव्हा बोट काढायला साडेपाचलाच परत जायचं. त्यांची बस सव्वासहाची असते.